दुसरा पडला का?

आमच्या घरात कुणाची चूक त्याच्या तोंडावर सांगायची पद्धत नव्हती. ती आधी देवाला सांगितली जायची. दिवेलागणीला ताटं वाढून झाली की पप्पा डोळे मिटायचे आणि आम्हीही मिटायचो. मग अन्नाबद्दल आभार मानून झाल्यावर पप्पा ठेवणीतल्या आवाजात सुरू करायचे, ‘‘प्रभू, आज दावीदनं गिऱ्हाइकाचा बोल्ट पिळून तोडला, त्याला अक्कल दे. रूथीनं आईला उलट उत्तर दिलं, तिची जीभ आवर. हिच्या आमटीत मीठ नाही, प्रभू, तरी तू दिलेलं म्हणून आम्ही ते खातो.’’ हे चालू असताना डोळे उघडायचे नाहीत, खुलासा करायचा नाही, कारण पप्पा आमच्याशी बोलत नव्हतेच. देवाशी बोलणाऱ्या माणसाच्या मध्ये कोण बोलणार? भाकरी गार व्हायच्या, हुलग्याच्या शेंगोळ्यांवर साय धरायची, आणि बाहेर स्टेशनकडे जाणाऱ्या टांग्यांचे घुंगरू ऐकत आई, माझा भाऊ दावीद आणि मी, रूथी, आपापल्या पापांची यादी ऐकून घ्यायचो. शेवटी सगळ्यांनी ‘आमेन’ म्हणायचं. म्हणजे जे काही सांगितलं ते आम्हाला कबूल आहे, असं. आज माझ्या घरी जेवणाआधी प्रार्थना होते, पण मी ती मनातल्या मनात करते. सुनेला वाटतं सासूबाई फार नम्र आहेत. वाटू दे.

घर आणि गॅरेज एकाच आवारात होतं. पुढं पत्र्याची शेड, मागं आमच्या दोन खोल्या आणि मध्ये एक कडुनिंब, ज्याच्या बुंध्याला पप्पांनी हात पुसून पुसून तो कमरेपर्यंत काळा कुळकुळीत झाला होता. सकाळी डोळे उघडायचे ते हातोड्याच्या आवाजानं. स्वयंपाकघरात आईचं गुणगुणणं चालू असायचं, गीतपुस्तकातलं एखादं धृपद, त्याच्या पुढं ती कधी जायची नाही, कारण तेवढ्यात पप्पांची हाक यायची. आमच्या कपड्यांना, गाद्यांना, रविवारी चर्चला नेसायच्या पातळालासुद्धा ऑईलचा वास असायचा. चर्चमध्ये आमच्या बाकावर दुसरं कुणी सहसा बसत नसे. पप्पा म्हणायचे लोक आदरानं जागा सोडतात. सोडत असतील.

पप्पांचं नाव होतं ते बिनक्लचच्या गाड्यांसाठी. त्या काळी अशा गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. परदेशातून आलेल्या, नावेएवढ्या लांब, कुणा डॉक्टरच्या, कुणा कारखान्याच्या पुढाऱ्याच्या, एखादी छावणीतल्या साहेबाची. त्यांचा गिअर आपोआप पडतो, हाताला काही कामच नाही, हे पाहायला लोक काचेला नाक लावायचे. पण तो आपोआप पडणारा गिअर बिघडला की मालक रडकुंडीला यायचा, कारण नगरपासून श्रीरामपूर-नेवाशापर्यंत त्या गिअरच्या पेटीला हात लावायची छाती एकट्या शमुवेल मिस्तरींची. आता माझ्या नातवाकडेसुद्धा बिनक्लचची गाडी आहे, आणि तिचा गिअर कधी पडतो हे त्याला ठाऊकही नसतं. त्याला वाटतं गाडी म्हणजे असंच असतं.

पप्पांची रीत ठरलेली होती. आधी तेल. इंजिन चालू ठेवून, गरम करून, मगच तेलाची पट्टी काढायची आणि नाकाशी न्यायची. तेल लालसर आणि वास सौम्य असला तर पेटी जिवंत. काळपट होऊन करपल्या भाकरीसारखा वास आला तर आतल्या प्लेटा जळाल्या, मग केबलशी खेळून उपयोग नाही. ती केबल म्हणजे सगळ्या खेळाची किल्ली. एक्सलेटरच्या पायडलापासून पेटीपर्यंत ती जायची आणि पाय किती दाबलाय हे पेटीला सांगायची. ती सैल ठेवली की गिअर लवकर आणि अगदी लोण्यासारखा पडायचा. ताणली की उशिरा आणि दणक्यानं. अडाण्याला वाटेल लोण्यासारखा पडतो तोच चांगला. पण केबल सैल असली की पेटीतला तेलाचा दाब कमी होतो, प्लेटा एकमेकींना घट्ट धरत नाहीत, घसरत राहतात, आणि वरून मालक खूश असतो तेव्हा आतून पेटी जळत असते. म्हणून गिअर पडताना एक बारीक धक्का लागलाच पाहिजे. पाठीला कळेल इतका, मान हलेल इतका नाही. केबलचा नट फिरवण्याआधी त्याच्यावर आणि शेजारच्या लोखंडावर मिळून लाल रंगाचा एक ठिपका द्यायचा, म्हणजे होतं तिथं परत येता येतं. मग अगदी केसभर फिरवायचं, गाडी रस्त्यावर न्यायची, परत आणायची, पुन्हा केसभर. ‘‘एका टायमाला एकच गोष्ट,’’ पप्पा म्हणायचे. ‘‘दोन फिरवल्या तर कशानं काय झालं ते देवालाबी सांगता यायचं न्हाई.’’

हा धक्क्याचा नियम त्यांनी गाडीपुरता ठेवला असता तर बरं झालं असतं. पण त्यांचं म्हणणं, पोरांचंही तसंच. ‘‘मऊ ठेवलं की आतून जळतं.’’ आईलाही ते हेच सांगायचे. आई आतून जळलेली नव्हती असं मात्र मला कधीच वाटलं नाही, आणि तिला मऊ तर कुणी एक दिवस ठेवलं नव्हतं.

पप्पा गाडीजवळ नेहमी अनवाणी असायचे. चपला कडुनिंबाखाली काढून ठेवायच्या आणि मगच गाडीत बसायचं. गिऱ्हाइकांना त्याचं फार कौतुक. ‘‘मिस्तरी पायानं ऐकतात,’’ असं म्हणायचे. एके काळी ऐकतही असतील. पण मी शाळा संपवून घरी बसले तोवर त्या पायांना काहीच ऐकू येत नव्हतं. साखरेच्या आजारानं ते पाय मेले होते. मला हे कळलं ते असं. आई रोज संध्याकाळी घमेल्यात कोमट पाणी घेऊन त्यांचे पाय धुवायची. मला वाटायचं ही नवऱ्याची सेवा. एकदा तिनं हाक मारून मला कंदील जवळ धरायला सांगितला आणि पप्पांच्या टाचेतून पक्कडीनं एक खिळा उपसून काढला. चांगला बोटाच्या पेराएवढा. पप्पा पेपर वाचत होते. त्यांनी पानसुद्धा उलटायचं थांबवलं नाही. आई माझ्याकडे पाहून म्हणाली, ‘‘कुणाला सांगू नको. दावीदलाबी न्हाई.’’ पप्पा पेपरच्या मागून म्हणाले, ‘‘सांगितलं तर तुझी जीभ न्हाई राहायची,’’ आणि घमेल्याला असा पाय मारला की पाणी आईच्या अंगावर. तो पाय घमेल्याला लागल्याचंही त्यांना कळलं नसेल. आवाजावरून कळलं असेल.

त्या दिवसापासून मी त्यांचे पाय झाले. बिनक्लचच्या गाडीला डाव्या पायाचं कामच नसतं, आणि उजव्या पायाचं ते इंजिनच्या आवाजावरून भागवायचे, म्हणून गाडी चालवताना त्यांचं बिंग फुटत नसे. पण गिअर पडल्याचा बारीक धक्का त्यांना लागत नव्हता. मग मी शेजारी बसायचे. चपला काढून, तळपाय गाडीच्या पत्र्यावर सपाट ठेवून, डोळे मिटून. भिंगार मागं टाकून जामखेडच्या रस्त्याला लागलो की पप्पा हळूहळू पाय दाबायचे आणि विचारायचे, ‘‘दुसरा पडला का?’’ मी सांगायचे, ‘‘पडला.’’ ‘‘कसा?’’ ‘‘मऊ.’’ ‘‘किती मऊ?’’ मग मी सांगायचे, पलंगावरून उतरल्यासारखा, किंवा अंधारात एक पायरी चुकल्यासारखा. पहिल्यापहिल्यांदा चुकायचे. चुकले की पप्पा मांडीशी ठेवलेल्या पान्याची मूठ माझ्या बोटांच्या पेरांवर मारायचे. पाना चांगल्या पोलादाचा होता. बरोबर सांगितलं तर काही नाही. आमच्याकडे बरोबर उत्तराला बक्षीस नव्हतं, मार नाही हेच बक्षीस.

आणि एक नियम होता, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. त्यांना इंजिन ऐकू आलं पाहिजे, आणि दुसरं म्हणजे पोरगी सांगते आणि बाप ऐकतो असं खिडकीतून कुणाला दिसायला नको. एकदा बाजारच्या दिवशी भिंगारच्या नाक्यावर एक म्हैस आडवी आली. पप्पांची नजर आरशात होती. मी ओरडले, ‘‘पप्पा, म्हैस!’’ गाडी म्हशीच्या पोटाला टेकून थांबली. म्हशीला काही झालं नाही. पप्पांनी शांतपणे पाना उचलला आणि माझ्या पेरांवर मारला. ‘‘तुला विचारलं होतं का?’’ मी म्हटलं, ‘‘न्हाई.’’ ‘‘मग?’’ त्या रात्री देवालाही म्हशीची हकीकत सांगितली गेली. ‘‘प्रभू, हिला वाटतं बापाला डोळे नाहीत.’’ आई डोळे मिटून हसली, मला तिच्या श्वासावरून कळलं. बिचारीला हसायला फार कमी मिळायचं.

इतकं सगळं असून मला ते काम आवडायचं. हे आता सांगताना माझं मलाच नवल वाटतं. धक्का पायातून गुडघ्यात चढतो आणि गाडी एकदम हलकी होऊन पुढं जाते, तो क्षण मला सगळ्या चर्चच्या गाण्यांपेक्षा गोड वाटायचा. मी डोळे मिटून तो येण्याआधीच ओळखायला लागले. केसभर म्हणजे किती हे माझ्या बोटांना कळायला लागलं, आणि पप्पा मला नट फिरवू द्यायला लागले. एकदाच, एका डॉक्टरची गाडी मनासारखी जमून आली तेव्हा, ते दावीदला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘‘बिनक्लचची कामं हितनं पुढं रूथीची. तू आपले पंक्चर काढ.’’ ते मला खूश करायला नव्हतं, दावीदला टोचायला होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी त्या वाक्यावर दिवस काढले. लग्नाला नाही म्हणायचं, शेडीतच राहायचं, पप्पांनंतर पाटीवर आपलं नाव लावायचं, असलं काहीबाही मी भाकरी थापताना ठरवत असायचे. दावीद माझा मोठा भाऊ. अंगानं धिप्पाड, मनानं भाबडा, आणि कुणी ‘वा’ म्हटलं की विरघळणारा. पप्पा त्याला मारत नसत, त्याला हसत. त्यानं बोल्ट तोडला की सगळ्या गिऱ्हाइकांना बोलावून दाखवायचे. मला विचाराल तर पाना परवडला.

सोनईचे नाना म्हणजे ऊस आणि कांद्याचे मोठे बागायतदार. त्यांनी मुंबईच्या कुणा शेटजीकडून एक जुनी परदेशी गाडी घेतली होती, निळी, पाठीमागं माशाच्या परांसारखे पंख असलेली. तिचा दुसरा गिअर उशिरा आणि असा दणक्यानं पडायचा की मागं बसलेल्यांची टोपी पुढं यायची. आम्ही दोघांनी तिच्यावर मन लावून काम केलं. तेल चांगलं होतं. ठिपका दिला, केबल केसभर सैल केली, जामखेड रस्ता, परत, पुन्हा केसभर. शेवटी मी म्हटलं, ‘‘पडला. पाठीला कळला, मानेला न्हाई.’’ पप्पा म्हणाले, ‘‘बास. आता हिला देवानंबी हात लावायचा न्हाई.’’ जुना ठिपका पुसून त्यांनी नव्या जागी नवा दिला.

गाडी न्यायला नाना आले ते आपल्या आईला घेऊन. म्हातारी ठसठशीत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि मुठीत मिश्रीची डबी. तिला चक्कर मारून आणली. ती उतरली तीच बोट नाचवत. ‘‘आरं मिस्तरी, मिश्री सांडली की! तळहातावर घेतली आन् गाडीनं गचका दिला. निम्मी लुगड्यावर.’’

पप्पा म्हणाले, ‘‘आजी, येवढा गचका पायजेच. न्हाईतर पेटी जळती.’’

‘‘मग येवढा पैका कशाला वतला रं नाना? गचके तर बैलगाडीतबी फुकट बसत्यात.’’

सगळे हसले. पप्पा हसले नाहीत. ते हात धुवायला मागं गेले, नाना चहाला बसले, मी चहा गाळायला आत गेले. शेडीत उरला दावीद आणि म्हातारी. मला नंतर कळलं, म्हातारी त्याला म्हणाली होती, ‘‘तू तर लई ताकदीचा गडी दिसतो. तुला न्हाई का येत काही?’’ झालं. आमच्या दावीदनं बॉनेट उघडलं, हाताला लागली ती पक्कड घेतली आणि तो नट केसभर नाही, चांगला फिरवून ठेवला. म्हातारीनं पुन्हा एक चक्कर मारली. मिश्री सांडली नाही. जाताना तिनं दावीदच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. तो दिवसभर शीळ घालत होता. आम्हाला वाटलं, म्हातारी आवडली असेल त्याला.

गाडी परत आली ती इमामपूरचा घाट रखडत चढून. इंजिन बोंबलत होतं आणि चाकं जेमतेम फिरत होती. नानांच्या ड्रायव्हरनं आणून उभी केली आणि निरोप दिला, ‘‘नाना उद्या येत्यात. लई तापल्यात.’’ पप्पांनी तेलाची पट्टी काढली. मी शेजारी उभी होते, मला नाक जवळ न्यायचीही गरज पडली नाही. करपल्या भाकरीचा वास. पप्पांनी बॉनेटखाली वाकून पाहिलं. नटावरचा लाल ठिपका एकीकडे आणि लोखंडावरचा भलतीकडे. नटाच्या कडांवर पक्कडीचे दात उमटलेले. मी आयुष्यात कधी नटाला पक्कड लावली नव्हती, तसल्या चुकीला पेरं फुटायची. घरात पक्कड लावणारा एकच. दावीद कडुनिंबाला टेकून उभा होता आणि त्याच्या ओठांना रंग नव्हता. पप्पा बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग बॉनेट लावलं आणि आत गेले. मला दावीदची दया आली. आता याला हसून हसून मारणार, असं मला वाटलं.

संध्याकाळी आईनं बोंबलाचं कालवण केलं होतं. आम्ही डोळे मिटले. पप्पांनी अन्नाबद्दल आभार मानले, पावसाबद्दल मानले, आणि मग म्हणाले, ‘‘प्रभू, रूथीनं नानांच्या गाडीची केबल फिरवली. मला न विचारता फिरवली, आणि पेटी जाळली. पोरीच्या जातीला हे काम दिलं ही माझी चूक, ती मला माफ कर. ती उद्यापासून शेडीत पाय ठेवणार नाही. तिचं लवकर कुठंतरी जमव.’’

मी डोळे उघडले. पहिल्यांदाच. पप्पांचे डोळे मिटलेले होते, चेहरा अगदी शांत. आईची मान खाली. आणि सगळ्यात मोठ्यानं ‘आमेन’ म्हणाला दावीद.

‘‘पप्पा, मी न्हाई फिरवली,’’ मी म्हटलं.

‘‘देवाला सांगून झालंय,’’ पप्पा म्हणाले आणि बोंबलाचा काटा काढला.

सकाळी मी शेडीच्या तोंडाशी उभी राहिले, आत पाय न ठेवता. पप्पा एकटेच होते. त्यांनी माझ्याकडे न पाहताच सांगितलं, ‘‘पकडीचे दात मला दिसत न्हाईत असं वाटतं व्हय तुला? दिसत्यात. पर दावीदला ह्याच धंद्यावर बायको-पोरं पोसायचीत. त्याचं नाव गेलं तर शेड गेली. तुझ्या नावाचं काय लोणचं घालायचंय? तू जाणार दुसऱ्याच्या घरी.’’

‘‘आणि गिअर कोण सांगणार तुम्हाला?’’

त्यांनी तेव्हा माझ्याकडे पाहिलं. ‘‘गाडीत बसायला ये की. रस्त्यावर. शेडीत न्हाई.’’ म्हणजे पाय हवे होते, बाकीची मी नको होते. आईकडे गेले तर ती पीठ मळत होती. ती म्हणाली, ‘‘पोराचा चेहरा बघितला का काल? तू सोसशील गं. तू घट्ट हायेस.’’ मला आजवर पप्पांच्या पान्यानं जेवढं लागलं नाही तेवढं हे लागलं. घट्ट असणं ही आमच्या घरात शिक्षाच होती.

नाना आले दुपारी, आपल्या आईला, ड्रायव्हरला आणि गावची दोन माणसं घेऊन. म्हातारीला कडुनिंबाखाली खुर्ची दिली. जळकं तेल काढायचं तर ते गरम हवं म्हणून दावीदनं सकाळपासून इंजिन चालू ठेवलं होतं, मधूनमधून रेस करत होता. निळी गाडी शेडीत तोंड घालून, शेपूट आवाराकडे करून धुमसत होती. पप्पा चपला काढून, अर्धी खाकी चड्डी घालून गाडीच्या मागं उभे राहिले, माणसं समोर घेऊन. शेजारचा सायकलवालाही येऊन थांबला. मला आईनं बाहेर बोलावलं, पप्पांचाच हुकूम होता.

‘‘ही बघा,’’ पप्पा म्हणाले. ‘‘हिनं जाळली तुमची गाडी. मी सांगितलं होतं देवानंबी हात लावायचा न्हाई. ही देवापेक्षा शहाणी. तोंड वर कर! नानांना सांग कुणी फिरवली केबल.’’

मी तोंड वर केलं. दावीद गाडीत बसला होता, आरशात मला त्याचे डोळे दिसत होते. ते म्हणत होते, सांगू नको. मी गप्प राहिले. पप्पांना जोर चढला. पोरींना शिकवलं की काय होतं, त्यांनी सांगितलं. माझे हात कसे चोंबडे, माझी नजर कशी वाकडी, चर्चमध्ये माझं लक्ष कुठं असतं, सगळं सांगितलं. या वेळी मध्ये देवही नव्हता. बोलता बोलता ते मागं सरकले, एक पाऊल, अजून एक, आणि त्यांची उघडी पोटरी गाडीच्या सायलेन्सरच्या पाइपाला जाऊन टेकली.

मी ते पाहिलं. सगळ्यांच्या आधी पाहिलं, कारण मला त्यांच्या पायांकडे पाहायची सवयच होती. सकाळपासून तापलेला पाइप. पप्पांचा आवाज जराही हलला नाही. ते मला पायपुसणी म्हणाले. मी पोटरीकडे पाहत राहिले आणि मला आनंद झाला. दुसरा शब्द शोधायचा आता कंटाळा आला आहे, आनंदच झाला.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव तिकडे लागेल. ती जखम भरली नाही. दवाखान्यात पाय गुडघ्याखालून काढावा लागला. नानांची गाडी पुण्याला गेली, आणि तिच्यामागून बाकीच्या बिनक्लचच्या गाड्याही गेल्या. दावीदनं पंक्चर आणि ग्रीसवर संसार केला, बरा केला. मी राहुरीला मावशीकडे गेले, शिकले, जन्मभर पोरांना गणित शिकवलं. पाटीवर नाव कधी लागलं नाही. पप्पा त्यानंतर बरीच वर्षं जगले आणि रोज प्रार्थना करत राहिले. माझं नाव त्यात पुन्हा कधी घेतलं नाही असं आई सांगायची. चांगलं म्हणून सांगायची की वाईट म्हणून, ते मी विचारलं नाही.

तर आवारात पप्पा बोलत होते. खुर्चीतल्या म्हातारीनं मिश्रीचं बोट तोंडातून काढलं आणि नाक वर केलं.

‘‘काय करपतंय गं?’’

‘‘तेल, आजी,’’ पप्पा म्हणाले. ‘‘पेटीतलं तेल. हिच्या हातानं करपलंय.’’

‘‘तेलाचा न्हाई हा वास,’’ म्हातारी म्हणाली.

तेवढ्यात नानांची नजर खाली गेली. ‘‘मिस्तरी! पाय! आवो पाय काढा!’’ पप्पांना कळेना. त्यांनी नानांकडे पाहिलं, मग सगळे जिकडे पाहत होते तिकडे पाहिलं, आणि पाय ओढला. कातडी पाइपाला चिकटून राहिली. दावीदनं इंजिन बंद केलं. आवारात एकदम इतकी शांतता झाली की सायकलवाल्याच्या दुकानातला रेडिओ ऐकू येऊ लागला. पप्पा ओरडले नाहीत, कण्हले नाहीत, त्यांना काही झालंच नव्हतं. आणि हेच सगळ्यांनी पाहिलं. नाना त्या पोटरीकडे, मग त्यांच्या तोंडाकडे, मग कडुनिंबाखालच्या चपलांकडे पाहत होते. पायानं ऐकणारे मिस्तरी. आई दारात पदर तोंडात कोंबून उभी होती.

पप्पांना ते समजलं. त्यांनी एकेकाकडे पाहिलं, आणि शेवटी माझ्याकडे. मी समोरच होते, अगदी समोर, त्यांनीच उभं केलं होतं तिथं.

‘‘तुला दिसत नव्हतं?’’ त्यांनी विचारलं.

‘‘दिसत होतं.’’

‘‘मग बोलली का न्हाईस?’’

‘‘तुम्ही विचारलं नव्हतं, पप्पा.’’